धुरीचा खोकला

पनवेलच्या त्या सोसायटीत कुणाची लेक बाळंतपणाला माहेरी यायची ठरली, की पहिला निरोप वसुंधराबाईंकडे जायचा आणि दुसरा डॉक्टरांकडे. लोक हे थट्टेने म्हणायचे, पण त्यात खोटं फारसं नव्हतं. काढ्यात सुंठ किती, लाडवाला डिंक कुठल्या दुकानातला, बाळाला न्हाऊ घालताना मान कशी तोलायची, हे सगळं त्यांच्या हातात बसलेलं होतं. लग्न होऊन त्या पनवेलला आल्या तेव्हा पहाटेपासून भातगिरण्यांची धडधड ऐकू यायची आणि दोरीवर वाळत घातलेल्या लुगड्यांवर कोंड्याची पिवळट पूड बसायची. त्या वेळच्या बसक्या कौलारू घरात सासूबाईंनी त्यांना हाताशी घेऊन चार नणंदांची बाळंतपणं केली. एक बाळ दगावलं नाही की एक बाळंतीण आखडली नाही. सासूबाईंचं एकच सांगणं असायचं, "ओल्या बाळंतिणीला वारा लागू देऊ नये. बाकी सगळं देव बघतो."

पुढे ते घर पाडलं, तिथे इमारत उभी राहिली, वसुंधराबाई आणि कृष्णकांतराव तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. सासूबाई गेल्या, गिरण्या गेल्या. सासूबाईंचं सांगणं तेवढं राहिलं.

आणि आता त्यांची स्वतःची लेक बाळंतपणाला आली होती. अनुया. पुण्याला नोकरी करणारी, लग्नाला आठ वर्षं झालेली, मध्ये दोनदा दिवस राहून पोट पडलेली. दोन्ही वेळा वसुंधराबाई एसटीने पुण्याला जाऊन पंधरा-पंधरा दिवस राहून आल्या होत्या, आणि परतताना खिडकीकडे तोंड करून रडल्या होत्या. तिसऱ्यांदा मात्र दिवस भरले. संक्रांतीनंतर आठवड्याने मुलगी झाली. काळंभोर जावळ, आणि झोपेत ओठ पुढे काढायची सवय.

मायलेकी दवाखान्यातून घरी आल्या तेव्हा वसुंधराबाईंची खोली तयार होती. सरकत्या काचांच्या खिडकीला आतून वर्तमानपत्रं लावून कडांना चिकटपट्टी मारली होती. वरच्या झरोक्यात जुनं पातळ कोंबलं होतं. दाराखालच्या फटीला पायपुसणं. मधोमध बाज, बाजेखाली शेगडी, आणि कोपऱ्यात धुरीचं सामान: ओवा, बाळंतशेपा, वावडिंग, लसणाच्या साली.

कृष्णकांतराव दारातून डोकावले. "वसू, आत माणसं ठेवणार आहेस ना? की भाकरी भाजायच्यात?"

"तुम्ही पेपर वाचा जा. बाळंतपणातलं पुरुषांना काय कळतंय?"

"कळत नाही गं, पण एक फट तरी ठेव."

"एक नाही नि अर्धी नाही. आठ वर्षांनी आलीय ती पोर. मला कसलाही धोका नकोय."

कृष्णकांतराव पेपर घेऊन बाहेर जाऊन बसले. धोका नको होता तो त्यांनाही.

अनुयाला आठव्या महिन्यापासून बारीक खोकला होता. पोटुशीला औषधं नकोत म्हणून तिकडे कुणी फारसं पाहिलं नाही. बाळंतपणानंतर तो वाढला. धुरी घातली की अनुया खोकून खोकून लाल व्हायची, आणि धुरी विझली तरी खोकतच राहायची.

"धुरीचा खोकला तो," वसुंधराबाई म्हणायच्या. "कफ सुटतोय. सुटू दे."

संध्याकाळी अंग कोमट लागायचं. तो दुधाचा ताप. पहाटे गाऊन घामाने भिजलेला असायचा. तो शेकाचा घाम, वाईट पाणी निघून जातंय. गालफडं बसायला लागली, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. अंगावर पाजणारी बाई, वाळायचीच. प्रत्येक गोष्टीला बाळंतपणात नाव होतं, आणि ती सगळी नावं वसुंधराबाईंना पाठ होती.

मालिशला नेऱ्याकडच्या वाडीवरून शुक्री यायची. पहाटेची पहिली एसटी पकडून, डोक्याला रुमाल बांधून. तिच्या हाताला जोर होता आणि तोंडालाही.

"आजी, तुमच्या लेकीच्या आंगाला तेल लावायला मांसच नाय रायलं. हाडांनाच चोळतंय मी."

"पाजते ना गं ती. तू जरा हात हलका ठेव."

"आमच्या वाडीत बाळातीन आठव्या दिशी लाकडांना जाते. तुमी तर हिला माठात घालून वर झाकन लावलाय."

"म्हणून तर तुमच्या बायका चाळिशीत म्हाताऱ्या होतात, शुक्रे."

"मी म्हातारी?" शुक्री हसली. "आजी, पोर न्हाऊन झाली का मग दोगी कुस्ती खेळू. बघू कोन पडतंय."

अनुयाही हसली आणि त्या हसण्याचा खोकला झाला. तो थांबेपर्यंत शुक्री तिची पाठ थोपटत राहिली. बाळ मांडीवर होतं. बाराव्या दिवशी त्याचं नाव आभा ठेवलं होतं. आभाला आईच्या गळ्याशी तोंड खुपसून झोपायला आवडायचं. दुसरीकडे ठेवली की जागी व्हायची. त्यामुळे रात्रंदिवस ती तिथेच असायची, आईचा श्वास जिथे पडतो तिथे.

"आई, जरा खिडकी उघड ना गं," अनुया कधीकधी म्हणायची. "कोंडल्यासारखं होतंय."

"सव्वा महिना गं, बाळा. सव्वा महिन्याने तुला नि तिला वडाळे तळ्यावर फिरायला नेते."

फेब्रुवारीच्या मध्यावर संजना आली. ती त्या भागातली आशाताई. टीबीची घरोघर पाहणी चालू होती. ती दारात उभी राहून रोजचेच प्रश्न रोजच्याच आवाजात विचारत होती. घरात कुणाला दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला? संध्याकाळचा ताप? वजन कमी?

"नाही गं बाई. आम्ही दोघं म्हातारे ठणठणीत आहोत."

तेवढ्यात आतून अनुया खोकली.

"आत कोण आहे, काकू?"

"लेक. ओली बाळंतीण आहे. धुरी देते ना मी, त्याचा खोकला."

संजनाच्या नाकात ओव्याचा वास शिरलाच होता. तिला तिची आई आठवली असावी, कारण ती किंचित हसली. "माझ्या आईनेपण सोडलं नव्हतं मला. डोळ्यांतून नुसतं पाणी." मग जरा थांबून म्हणाली, "तरी काकू, किती दिवस झाले खोकल्याला? मी डबी देऊन ठेवते. सकाळी उठल्यावरचा बेडका त्यात द्यायचा, मी घेऊन जाईन. एक पैसा लागत नाही."

वसुंधराबाईंचा चेहरा कसनुसा झाला. "अगं, बाळंतिणीच्या खोलीतला कपडासुद्धा दिवेलागणीनंतर बाहेर ठेवत नाही आम्ही, आणि तिचा बेडका बाहेर पाठवू? लोकांनी ऐकलं तर काय म्हणतील? टीबी म्हणजे काय पडसं आहे? तिच्या सासरी कळलं तर…"

"टीबी आहे असं मी कुठे म्हणतेय? नुसती तपासणी. एक्सरेसुद्धा काढता येतो."

"सव्वा महिना होऊ दे. मग बघू."

संजनाला अजून दोन मजले आणि पलीकडची इमारत करायची होती. तिने डबी दारातल्या चपलांच्या कपाटावर ठेवली. "नक्की द्या हं काकू, मी पुन्हा येते," म्हणाली आणि जिना चढून गेली. ती पुन्हा आलीही, पण दुपारच्या वेळी. घर निजलेलं होतं, आणि बाळ दचकेल म्हणून वसुंधराबाईंनी बेलचं बटण काढून ठेवलं होतं.

डबीचं झाकण बरं घट्ट होतं. त्यांनी ती धुऊन त्यात गुटीचं जायफळ ठेवलं.

सव्वा महिना झाला. पण अनुया इतकी खंगली होती, की तिला बाहेर काढायचा वसुंधराबाईंना धीर होईना. "अजून पंधरा दिवस," त्या म्हणाल्या. उन्हं तापायला लागली होती. खोलीत शिरलं की अंगावर गरम फडकं पडल्यासारखं व्हायचं. वरच्या मजल्यावरची अंकिता, सातवा महिना लागलेली, दुपारी खाली येऊन बाजेच्या कडेला बसायची. तिची आई लहानपणीच गेली होती. वसुंधराबाई बाळाला न्हाऊ कसं घालतात, लंगोट कसा बांधतात ते ती बघत बसायची. "काकू, माझंही तुम्हीच करायचं हं," म्हणायची.

मार्च उजाडला आणि आभा दूध ओढेनाशी झाली. आधी वाटलं पोट बिघडलं. गुटी उगाळली. मग वाटलं दृष्ट लागली, तीही काढली. पोट फुगलं, छाती भरभर हलायला लागली. त्या दिवशी कृष्णकांतराव पहिल्यांदा बायकोवर ओरडले. "बास झालं आता! गुंडाळ तिला, रिक्षा आणतो."

दवाखान्यात बाळाला काचेच्या पेटीत ठेवलं. पुण्याहून अनुयाचा नवरा स्वानंद आला तो तसाच, ऑफिसच्या कपड्यांत. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सगळ्यांना बोलावलं आणि एक्सरे दाखवला. एवढीशी छाती, आणि तिच्यात सगळीकडे बाजरी सांडल्यासारखे ठिपके.

"घरात कुणाला खोकला आहे का, बऱ्याच दिवसांचा?"

कुणी उत्तर द्यायच्या आधीच अनुयाला उबळ आली. ती थांबेपर्यंत डॉक्टर तिच्याकडे बघत राहिले.

तो खोकला वसुंधराबाईंनी दोन महिने ऐकला होता. त्या पांढऱ्या खोलीत तो पहिल्यांदाच नुसता खोकला म्हणून ऐकू आला. इथे ना ओवा होता, ना शेगडी.

"जन्मल्यावर लस टोचली होती ना हो तिला?" कृष्णकांतराव म्हणाले. "दंडावर खूण आहे."

"लसीचं बळ अंगात यायला वेळ लागतो, काका. आणि बाळ इतकं जवळ, इतका वेळ, एकाच खोलीत…" डॉक्टर थांबले. "खोलीत हवा खेळती होती का?"

स्वानंदने सासूकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. त्याच्या जागी दुसरा असता तर बोलला असता. तो बोलला नाही, हे वसुंधराबाईंना जास्त लागलं.

अनुयाचा बेडका तपासला. त्यात टीबी निघाला. तिची औषधं सुरू झाली, बाळाचीही झाली. अनुया तोंडाला मास्क लावून पेटीशी उभी राहायची, भोकातून हात घालून लेकीचा पाय धरायची. पाय एवढा लहान, की तिच्या मुठीत टाचेपासून बोटांपर्यंत मावायचा. वसुंधराबाई बाहेरच्या बाकावर बसून असायच्या. देवाचं नाव घ्यायला जायच्या आणि त्याऐवजी तोंडात सुंठ, ओवा, बाळंतशेपा असंच काहीतरी यायचं.

आभा गेली त्या दिवशी सकाळी तिला जरा बरं वाटत होतं. तिने डोळे उघडून आईकडे पाहिलंही, असं अनुया नंतर सांगायची. दुपारी गेली.

एवढ्या लहान बाळाला अग्नी देत नाहीत. कृष्णकांतराव आणि स्वानंद तिला घेऊन गेले आणि मातीत ठेवून आले. बायका घरी राहिल्या.

त्या संध्याकाळी वसुंधराबाई त्या खोलीत शिरल्या. त्यांनी खिडकीची चिकटपट्टी सोलायला सुरुवात केली. दोन महिन्यांच्या उष्णतेने ती काचेला वितळून बसली होती, नखांनी निघेना. त्यांनी सुरी आणली. खरवडता खरवडता त्यांना जुनं घर आठवलं. सासूबाई दारं-खिडक्या अशाच लावून घ्यायच्या, फटींत अशाच चिंध्या कोंबायच्या. पण डोक्यावर कौलं होती. कौलांच्या दर दोन रांगांमध्ये बोट जाईल एवढी फट होती, भिंत आणि छपराच्या मध्ये हातभर मोकळी जागा होती, चिमण्या तिथून ये-जा करायच्या. धुरी घातली की धूर वर चढून सरळ निघून जायचा. बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं, छप्परच श्वास सोडतंय. सासूबाईंनी कौलांबद्दल कधी काही सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यांना त्यात काही वाटलंच नसेल. कौलं काय, होतीच.

सुरी त्यांनी खाली ठेवली. कृष्णकांतरावांनी येऊन ती उचलली आणि उरलेली काच त्यांनी साफ केली. काच सरकवली तेव्हा खालच्या रस्त्यावरचे हॉर्न आणि वारा एकदम आत आले. कोपऱ्यातला पाळणा जरा हलला. दोघांनीही तिकडे पाहायचं टाळलं.

तिसऱ्या दिवशी संजना आली. या वेळी ती दाराशी उभी न राहता आत येऊन जमिनीवर बसली. तिचेही डोळे सुजलेले होते. "काकू, मी परत एकदा यायला हवं होतं," ती म्हणाली.

"आली असशीलच तू. बेल मीच बंद ठेवली होती."

मग संजनाने तिचं काम केलं. घरातल्या दोघांची तपासणी झाली, छातीचे फोटो निघाले. दोघं निरोगी होती, तरी आजार पुढे होऊ नये म्हणून त्यांनाही गोळ्या लागल्या. शुक्रीला वाडीवरून बोलावून तपासलं. तिच्यातही काही निघालं नाही. पण ती जाताना पायरीवर बसून एवढ्या मोठ्याने रडली, की मजल्यावरची दारं उघडली. "माज्या हातांनी न्हाऊ घातली वं तिला," एवढंच ती परत परत म्हणत होती.

"खोलीत तासन् तास आणखी कोण बसायचं, काकू?" संजनाने विचारलं.

सोसायटीत सगळ्यांना न्यूमोनिया असं सांगितलं होतं. अनुयाच्या सासूबाईंनी फोनवर तसं बजावलंच होतं, की झालं ते झालं, पण नाव बाहेर फुटू देऊ नका. वसुंधराबाईंनी लेकीकडे पाहिलं. अनुया भिंतीला टेकून बसली होती, तोंडावर मास्क, डोळे कोरडे. बाळ गेल्यापासून ती रडली नव्हती.

"आई," ती म्हणाली, "अंकिताच्या पोटात बाळ आहे."

एवढंच म्हणाली. वसुंधराबाई उठल्या, पायात चपला घालून एक मजला चढल्या. अंकिताने दार उघडलं, मागे तिचा नवरा प्रणित उभा होता. वसुंधराबाईंनी दारातच सांगितलं. अनुयाला टीबी आहे, बाळ त्यानेच गेलं, अंकिता रोज तिथे बसत होती, तिची तपासणी आजच व्हायला हवी.

प्रणितचा चेहरा उतरला, मग रागाने लाल झाला. "तुम्हाला आधी कळायला हवं होतं, काकू! एवढी बाळंतपणं करता ना तुम्ही?"

"हो रे बाबा," वसुंधराबाई म्हणाल्या. "कळायला हवं होतं." आणि कठड्याला धरून जिना उतरल्या. अंकिताच्या तपासणीत काही निघालं नाही, हे दोन दिवसांनी संजनाने येऊन सांगितलं. अंकिता मात्र पुन्हा खाली आली नाही.

आणि अनुयाला दूध येत होतं. बाळ गेल्याचं छातीला कुणी सांगितलं नव्हतं. ठरल्या वेळी पान्हा फुटायचा, ब्लाउज भिजायचा, छाती दगडासारखी व्हायची. डॉक्टरांनी गोळी दिली होती, तिला वेळ लागणार होता. वसुंधराबाईंना दूध वाढवायचे किती उपाय ठाऊक होते. शतावरी, हळिवाची खीर, मेथ्या, खारीक. दूध आटवायचा उपाय करायची वेळ त्यांच्यावर कधीच आली नव्हती. बराच वेळ बसून त्यांनी आठवलं. त्यांच्या माहेरच्या गल्लीत एका बाईचं बाळ गेलं होतं, तेव्हा आईने तिच्या छातीवर मोगऱ्याची फुलं बांधली होती.

त्या बाजारात गेल्या. मोगरा नुकताच यायला लागला होता.

"घ्या मावशी, सीझनचा पहिला," फुलवाला म्हणाला. "काय, घरी बारसं का?"

"सुटी दे," त्या म्हणाल्या. "गजरा नको."

घरी येऊन त्यांनी जुन्या धोतराच्या मऊ घडीत फुलं पसरली आणि लेकीच्या छातीवर घट्ट बांधली. अनुया हात वर करून उभी राहिली, लहानपणी झबलं घालून घेताना राहायची तशी. संध्याकाळी पट्टी सोडली तेव्हा फुलं दुधाने भिजून पिवळट झाली होती. वसुंधराबाई ती कागदात गुंडाळू लागल्या.

"टाकू नकोस," अनुया म्हणाली.

"नाही टाकत गं."

"तिला नेऊन दे."

वसुंधराबाईंनी जन्मात कधी स्मशानाच्या फाटकात पाऊल ठेवलं नव्हतं. त्यांच्या घराण्यात बायका जात नाहीत. कृष्णकांतरावांनी रिक्षा आणली. आत एका कडेला, कुंपणाजवळ, हातभर जागेवर माती अजून सैल होती. त्यावर एक चपटा दगड. कृष्णकांतराव लांबच उभे राहिले. वसुंधराबाई खाली बसल्या, आणि दुधाने भिजलेली ती फुलं त्यांनी मातीवर एकेक करून ठेवली. "घे," एवढंच म्हणाल्या.

मग रोजचा तोच क्रम झाला. सकाळी बाजारातून सुटा मोगरा, दिवसभर छातीवर, संध्याकाळी रिक्षा. फाटकावरचा माणूसही ओळखू लागला. स्वानंद पुण्याला परत गेला होता, पण रात्री फोन करून आधी औषध घेतलं का विचारायचा आणि मग, "आज गेल्या होत्या का आई?" असं.

त्या आठवड्याच्या अखेरीस एका संध्याकाळी वसुंधराबाईंनी पट्टी सोडली. फुलं सुकून चुरगळली होती, दिवसभर अंगाखाली राहिलेल्या फुलांसारखी. त्यांनी ती बोटांनी चाचपली. कोरडी होती. घडीचं कापडही कोरडं होतं.

खाली कृष्णकांतरावांनी रिक्षा थांबवली होती. त्यांची हाक आली.

"काय झालं, आई?" अनुयाने विचारलं.

वसुंधराबाईंनी हात पुढे केला. अनुयाने फुलं पाहिली. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवून दाबून पाहिलं, एकदा, पुन्हा एकदा, हरवलेलं काहीतरी शोधावं तसं. आणि मग तिचं तोंड मास्कच्या आत वेडंवाकडं झालं, आणि बाळ गेल्यापासून पहिल्यांदा ती रडली. खाली रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला, थोडा वेळ थांबून पुन्हा वाजवला, आणि वसुंधराबाई लेकीला धरून तशाच जमिनीवर बसून राहिल्या.